शिशाचे सैन्य आणि श्रावकाची वही

इ. स. १८३० मध्ये विल्यम सायबोर्न नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यावर एक काम सोपविण्यात आले. पंधरा वर्षांपूर्वी, १८ जून १८१५ रोजी, बेल्जियममधील वॉटर्लूच्या मैदानावर नेपोलियनचा अखेरचा पराभव झाला होता. त्या लढाईचा हुबेहूब नमुना लहान आकारात उभा करायचा, असे ते काम होते. आठ वर्षांनी नमुना पूर्ण झाला, तेव्हा त्यावर शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाचे सत्तर हजारांहून अधिक सैनिक उभे होते. मात्र तोपर्यंत तो उभा करणारा माणूस कर्जात पुरता बुडाला होता.

व्यापारी घराण्यांतील वाचकांनी ही हकीकत वाचावी असे वाटते, त्याला कारण आहे. नेपोलियनच्या काळातील सैन्ये लहान पुतळ्यांच्या रूपाने टेबलावर मांडून, फासे टाकून आणि फूटपट्टीने अंतरे मोजून लढाई खेळण्याचा छंद आज युरोपात आणि अमेरिकेत चांगला रुजला आहे. परदेशी शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना त्याची गोडी लागणे अशक्य नाही. उद्या एखाद्या घरी मुलाने अशा पुतळ्यांची पेटी मागितली, तर आईवडिलांपुढे एकाच वेळी दोन प्रश्न उभे राहतील. पहिला, हे परवडेल का? आणि दुसरा, अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या घरात हे शोभेल का? दोन्ही प्रश्न हिशोबाचेच आहेत. पहिला पैशाच्या वहीचा, दुसरा मनाच्या वहीचा.

खेळाची कुळकथा

हा खेळ मुळात मुलांचा नव्हे. १८१२ मध्ये प्रशियातील राइसवित्झ नावाच्या सरदाराने आपल्या राजाला युद्धाचा खेळ मांडता येईल असे एक खास टेबल भेट दिले. टेकड्या, नद्या, रस्ते कोरलेले चौरस तुकडे हवे तसे जुळवून त्यावर रणभूमी तयार करता येत असे. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये या खेळाचे नियम नव्याने बांधले. आठ हजारास एक या प्रमाणाचे नकाशे, त्यांवर फौजा दर्शविणारे लहान ठोकळे, दोन्ही पक्षांच्या मध्ये बसणारा पंच आणि दैवाचा वाटा ठरविणारे फासे, असे त्याचे स्वरूप होते. प्रशियाच्या सेनाकार्यालयाचे प्रमुख कार्ल फॉन म्युफलिंग यांनी तो पाहिला आणि सैन्यात शिक्षणासाठी त्याची शिफारस केली. हेच म्युफलिंग वॉटर्लूच्या दिवशी प्रशियाचे प्रतिनिधी म्हणून वेलिंग्टनच्या छावणीत हजर होते.

पुढे १९१३ मध्ये प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' या छोट्या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांनी खेळण्याचे नियम दिले आणि हा खेळ सामान्य घरातील दिवाणखान्यात आला. खऱ्या युद्धाऐवजी माणसाने हे खोटे युद्ध खेळावे, म्हणजे खरे युद्ध किती गोंधळाचे आणि उधळपट्टीचे असते हे त्याला आपोआप कळेल, असे वेल्स यांचे म्हणणे होते. दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले, हे आपण जाणतोच. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या पुस्तकाने या छंदाला आधुनिक वळण दिले. तेव्हापासून नेपोलियनचा काळ हा या खेळाचा एक आवडता काळ ठरला आहे.

सायबोर्न यांचा जमाखर्च

सायबोर्न १७९७ मध्ये जन्मले. ते स्वतः वॉटर्लूला लढले नव्हते. लढाई झाल्यावर ते फ्रान्समधील इंग्रज फौजेत रुजू झाले. भूमापन हा त्यांचा विषय. त्यावर त्यांनी पुस्तकेही लिहिली होती. नमुन्याचे काम अंगावर येताच ते वॉटर्लूला गेले आणि रणभूमीच्या ऐन मध्यभागी असलेल्या ला ए सांत या शेतवाड्यात आठ महिने मुक्काम करून त्यांनी तेथील जमीन मोजली. प्रत्यक्षातील एक मैल म्हणजे नमुन्यावर नऊ फूट, असे प्रमाण त्यांनी ठरविले. नमुन्याचे एकूण क्षेत्रफळ चारशे चौरस फुटांहून अधिक झाले.

येथपर्यंत सारे ठीक होते. पण १८३३ मध्ये सत्तेवर असलेल्या मंत्र्यांनी पुढचा खर्च देण्याचे नाकारले. तोवर सरकारकडून मिळालेली रक्कम होती सुमारे ३८० पौंड. शहाण्या व्यापाऱ्याने येथे काम थांबवून हिशोब मागितला असता. सायबोर्न यांनी तसे केले नाही. नोकरी सांभाळून, उसनवारी करून त्यांनी काम चालूच ठेवले आणि १८३८ मध्ये नमुना पूर्ण झाला तोपर्यंत खर्च सुमारे ३,००० पौंडांवर गेला. म्हणजे मिळालेल्या रकमेच्या जवळजवळ आठपट.

लंडनच्या पिकॅडिली भागातील इजिप्शियन हॉलमध्ये नमुना लोकांसाठी मांडण्यात आला. तो सुमारे एक लाख लोकांनी पाहिला असे सांगतात. तिकीट होते एक शिलिंग. वीस शिलिंगांचा एक पौंड या हिशोबाने हे ५,००० पौंड होतात. म्हणजे कागदावर हा व्यवहार नफ्याचा दिसतो. प्रत्यक्षात मात्र सायबोर्न यांचे कर्ज फिटले नाही. गल्ल्यात आलेला पैसा आणि मालकाच्या हाती पडलेला पैसा यांत किती अंतर असते, हे पेढीवर बसलेल्या माणसाला सांगायला नको.

सायबोर्न यांच्या निष्ठेबद्दल आदरच वाटतो. पण व्यवहाराच्या दृष्टीने त्यांची चूक उघड आहे. किती खर्च होईल, तो कोण देईल, मध्येच देणाऱ्याने हात आखडला तर काम कोठे थांबवायचे, याचा पक्का करार होण्यापूर्वीच त्यांनी सत्तर हजार सैनिकांचा संकल्प केला. काम टप्प्याटप्प्याने पुरे होईल असे आखलेलेच नव्हते. अर्धा नमुना कोणालाच उपयोगी नव्हता. म्हणून थांबताही येईना. आज या छंदात पडणाऱ्या तरुणाचीही फसगत होते ती नेमकी याच ठिकाणी.

एकाच टेबलावर तीन मापे

पुतळ्यांचे सैन्य उभारण्याचे नियोजन म्हणजे शुद्ध त्रैराशिक आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, जैनाचार्य महावीराचार्य यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला, त्यात त्रैराशिकाचा विस्तृत विचार आहे. तोच येथे कामी येतो. अडचण एवढीच, की या खेळात तीन निरनिराळी मापे एकाच टेबलावर नांदवावी लागतात.

पहिले माप पुतळीच्या उंचीचे. बाजारात २८ मिलिमीटर, १५ मिलिमीटर, १० मिलिमीटर आणि ६ मिलिमीटर अशा उंचीच्या पुतळ्या प्रामुख्याने मिळतात. दुसरे माप संख्येचे, म्हणजे एक पुतळी किती खऱ्या माणसांच्या जागी उभी आहे याचे. वीसास एक, तेहतिसास एक, पन्नासास एक ही प्रमाणे रूढ आहेत. तिसरे माप जमिनीचे. त्याशिवाय खेळातील एक डाव म्हणजे प्रत्यक्षातील किती मिनिटे, हे काळाचे प्रमाणही नियमांत ठरलेले असते.

ही तीन मापे एकमेकांशी कधीच पूर्ण जुळत नाहीत. सायबोर्न यांच्या नमुन्यातच पाहा. त्यांच्या पुतळ्या साधारण १० मिलिमीटर उंचीच्या होत्या आणि प्रत्येक पुतळी दोन सैनिकांच्या जागी होती. मैलास नऊ फूट म्हणजे सुमारे ५८७ ला एक. या आडव्या मापाने पाहिले तर त्यांचा प्रत्येक शिपाई एकोणीस फूट उंच ठरतो! इतक्या काटेकोर भूमापकालाही ही तडजोड करावी लागली, कारण जमिनीच्या मापाने शिपाई केला असता तर तो तीन मिलिमीटरांचा झाला असता आणि कोणाला दिसलाच नसता.

आता आपले सैन्य आखू. १८०८ च्या नव्या रचनेनुसार फ्रेंच पायदळाच्या एका बटालियनमध्ये सहा कंपन्या आणि प्रत्येक कंपनीत १४० माणसे, म्हणजे कागदावर एकूण ८४० माणसे असत. वीसास एक या प्रमाणाने ४२ पुतळ्या होतात, तेहतिसास एक या प्रमाणाने २५ आणि पन्नासास एक या प्रमाणाने १७. पण सहा कंपन्या सारख्या दिसायच्या, तर संख्येला सहाने भाग जायला हवा. म्हणून जाणते लोक ४२, २४ आणि १८ असे आकडे धरतात. रणांगणावरची बटालियन मात्र आजारपण, रजा आणि आधीच्या लढायांतील हानी यांमुळे कधीच पूर्ण भरलेली नसे. ती सरासरी ६०० माणसांची धरली, तर तेहतिसास एक या प्रमाणाने १८ पुतळ्या पुरतात.

तोफखान्यात त्रैराशिक आणखी अडते. फ्रेंच पायदळाबरोबरच्या तोफखान्याच्या एका तुकडीत आठ तोफा असत, इंग्रजांच्या तुकडीत सहा. आठ तोफांना तेहतिसाने भागता येत नाही. म्हणून तोफांचे प्रमाण वेगळे धरावे लागते. बहुधा एक नमुना-तोफ दोन किंवा चार खऱ्या तोफांच्या जागी असते.

मग जमीन. ६०० माणसे फ्रेंच पद्धतीने तीन रांगांत उभी केली तर एका रांगेत २०० येतात. एका माणसाला खांद्याशी खांदा लावून सुमारे ५५ सेंटिमीटर जागा लागते, तेव्हा बटालियनची आघाडी ११० मीटर झाली. आपल्या १८ पुतळ्या, २८ मिलिमीटर उंचीच्या, दोन रांगांत नऊ-नऊ उभ्या केल्या आणि प्रत्येकीखाली २० मिलिमीटर रुंदीची तळपट्टी लावली, तर आघाडी १८० मिलिमीटर होते. म्हणजे जमिनीचे प्रमाण सुमारे ६११ ला एक. या प्रमाणाने वॉटर्लूची पाच किलोमीटरची रणभूमी मांडायला आठ मीटरांहून लांब टेबल लागेल! तेवढी जागा दिवाणखान्यात नाही, ती गोदामातच मिळायची. उलट ६ मिलिमीटरच्या पुतळ्या घेऊन पूर्ण बटालियन ६० मिलिमीटर रुंदीच्या एका पट्टीवर बसविली, तर तीच रणभूमी पावणेतीन मीटरांत मावते. मोठ्या पुतळीत माणसाचा चेहरा दिसतो, लहान पुतळीत सैन्याचा आकार दिसतो. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. आपल्याला काय पाहायचे आहे ते आधी ठरवावे लागते.

आधी मर्यादा, मग खरेदी

वॉटर्लूला नेपोलियनचे सुमारे ७२ हजार, वेलिंग्टनचे सुमारे ६८ हजार आणि दिवसभरात येऊन मिळालेले प्रशियाचे सुमारे ५० हजार सैनिक होते. एकूण १ लाख ९० हजार. पन्नासास एक या किफायतशीर प्रमाणानेही ३,८०० पुतळ्या झाल्या. एक पुतळी रंगवायला अर्धा तास धरला, तर १,९०० तास लागतील. रोज न चुकता एक तास बसले, पर्युषणाचे दिवसही वगळले नाहीत, तरी पाच वर्षांहून अधिक काळ!

आता त्याऐवजी फक्त एका डिव्हिजनचा विचार करा. आठ बटालियन, प्रत्येकी ६०० माणसे. तेहतिसास एक प्रमाणाने सुमारे १४५ पुतळ्या. अर्ध्या तासाच्या हिशोबाने ७३ तास, म्हणजे अडीच महिने. शिवाय पहिली बटालियन रंगवून झाली की नऊ-दहा दिवसांत ती टेबलावर येऊ शकते. काम येथे थांबले तरी वाया काही जात नाही. सायबोर्न यांच्या योजनेत नेमकी हीच सोय नव्हती.

या छंदात एक मजेदार शब्दप्रयोग आहे, 'शिशाचा डोंगर'. विकत आणलेल्या, पण कधीच न रंगविलेल्या पुतळ्यांच्या ढिगाला असे म्हणतात. आपण त्याला पडून राहिलेला माल म्हणू. सवलत दिसली की पेटी घ्यायची, नवा गणवेश आवडला की आणखी एक पेटी घ्यायची, आणि जुनी तशीच फडताळात. यावर उपाय आपल्या घरातच आहे. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रहपरिमाण हे व्रत आहे. धनधान्य, घर, वस्तू यांची कमाल मर्यादा आपणच आधी ठरवायची आणि ती ओलांडायची नाही. या छंदात पडणाऱ्याने पहिल्याच दिवशी वहीत लिहावे: 'माझे सैन्य इतक्या पुतळ्यांचे. त्यापुढे नाही. आधीची तुकडी रंगवून झाल्याशिवाय पुढची पेटी आणणार नाही.' अंथरूण पाहून पाय पसरावे, हे सांगायला पूर्वजांना पुतळ्यांची गरज पडली नव्हती. पण पुतळ्या मोजता येतात, म्हणून त्यांच्यावर हा धडा चांगला गिरवता येतो.

मर्यादा ठरली की तिच्या आत प्रमाण सांभाळावे. नवशिक्या खेळाडूला चकाकत्या चिलखतांचे घोडदळ आणि उंच अस्वली टोप्यांची शाही रक्षक पलटण यांचा मोह पडतो. वॉटर्लूला नेपोलियनकडे पायदळ सुमारे ४९ हजार, घोडदळ १६ हजार, तोफखाना ७ हजार आणि तोफा सुमारे २४६ होत्या. म्हणजे शंभरातले अडुसष्ट जण साधे पायदळाचे शिपाई. काचेच्या कपाटात मांडण्याजोगा माल थोडा आणि रोज खपणारा माल बहुत, हा दुकानाचा नियम सैन्यालाही लागू पडतो.

खर्चाच्या वहीत पुतळ्यांच्या किमतीखेरीज रंग, कुंचले, तळपट्ट्या, गवताचा भुसा आणि ठेवण्याच्या पेट्या यांच्या रकमाही आधीच मांडाव्यात. येथे आपल्या घरांनी दोन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. उत्तम म्हणून विकले जाणारे महागडे कुंचले कोलिन्स्की नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे असतात. त्यांऐवजी कृत्रिम धाग्यांचे कुंचले घ्यावेत. या कामाला ते पुरेसे आहेत. दुसरे असे की जुन्या धातूच्या पुतळ्यांत शिसे असते आणि ते विषारी आहे. अशा पुतळ्या लहान मुलांच्या हाती देऊ नयेत, घासताना उडणारी भुकटी श्वासात जाऊ देऊ नये, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि हे काम जेवणाच्या टेबलावर करू नये. प्लॅस्टिकच्या पुतळ्या हा चांगला पर्याय आहे.

सत्य कोणत्या बाजूने पाहिले?

सायबोर्न यांच्या हकीकतीचा आणखी एक भाग आहे. लढाईच्या दिवशी सायंकाळी सातच्या सुमारास, नेपोलियनच्या शाही रक्षक दलाने अखेरचा हल्ला केला त्या क्षणी, कोणती पलटण कोठे होती हे त्यांना दाखवायचे होते. म्हणून हयात असलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना त्यांनी पत्रे पाठविली. तुमची तुकडी कोणत्या रचनेत होती, समोर शत्रू कसा उभा होता, शेतात कोणते पीक होते, असे प्रश्न त्यांत होते. शेकडो उत्तरे आली. ती आज ब्रिटिश लायब्ररीत जपलेली आहेत आणि त्यांतील निवडक पत्रे त्यांच्या मुलाने १८९१ मध्ये प्रसिद्ध केली. एकाच मैदानावरच्या, एकाच घटकेच्या या आठवणी एकमेकींशी जुळत नव्हत्या. धुरात प्रत्येकाला आपल्यापुढचे शंभर पावलांचे जग दिसले होते, आणि त्याने तेच प्रामाणिकपणे लिहिले होते. हत्ती आणि आंधळे यांची गोष्ट ज्यांच्या घरी लहानपणापासून सांगितली जाते, त्यांना अनेकांताचा हा रणांगणावरील दाखला चटकन उमजेल.

वाद मात्र प्रशियन फौजांवरून झाला. सायबोर्न यांनी प्रशियाचे सैनिक नमुन्यावर जेथे आणि जितके दाखविले, ते वेलिंग्टनला मान्य नव्हते. हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या मैदानावर शिंदे आणि भोसले यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली. विजयाचे श्रेय इंग्रजांचे किती आणि प्रशियनांचे किती, हा प्रश्न त्या पुतळ्यांच्या संख्येशी निगडित होता. अखेर सायबोर्न यांनी प्रशियन पुतळ्यांपैकी काही नमुन्यावरून काढून टाकल्या. पैशाची विवंचना आणि वरिष्ठांचा दबाव यांपुढे ते झुकले, असे काही अभ्यासक म्हणतात. नव्या पुराव्याने त्यांचे मत बदलले, असे इतर म्हणतात. आपण न्यायनिवाडा करू नये. एवढे मात्र खरे की कर्जात असलेल्या माणसाला सत्य बोलणे अधिक महाग पडते. सत्यव्रत सांभाळायचे असेल तर आधी जमाखर्च सांभाळावा लागतो, हे आपल्या वाडवडिलांनी पेढीवर बसून ओळखले होते.

पिठाचा कोंबडा

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. हे शोभेल का?

यशोधर राजाची कथा आपल्यापैकी अनेकांनी प्रवचनांत ऐकली असेल. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये 'यशस्तिलक' रचले, त्यात ती विस्ताराने आली आहे. दुःस्वप्नाच्या शांतीसाठी प्राण्याचा बळी दे, असे आई चंद्रमती सांगते. यशोधर नकार देतो. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो देवीपुढे कापला जातो. रक्ताचा थेंबही सांडत नाही, तरी मायलेकांना अनेक जन्म पशुयोनीत दुःख भोगावे लागते. कोंबडा पिठाचा होता, पण मारण्याचा संकल्प खरा होता. द्रव्यहिंसा घडली नाही, भावहिंसा घडली.

मग शिशाचा सैनिक पाडणे हा पिठाचा कोंबडाच नव्हे काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरती आहे. निष्कारण पापाचे जे प्रकार तिथे सांगितले आहेत, त्यांत अपध्यान, म्हणजे दुसऱ्याच्या जय-पराजयाचे आणि वधबंधनाचे चिंतन करीत बसणे, आणि दुःश्रुती, म्हणजे मन कलुषित करणाऱ्या कथा ऐकणे, हे दोन्ही आहेत. समोरच्याची पलटण कापून काढल्याच्या आनंदात जो मुलगा टेबलावर उड्या मारतो, तो या दोहोंतून सुटत नाही. त्याला खेळापासून दूर ठेवणेच बरे.

पण आपल्याच परंपरेत दुसरी कथाही आहे. भरत आणि बाहुबली यांची अफाट सैन्ये समोरासमोर उभी राहिली, तेव्हा दोन भावांच्या मानापायी असंख्य निरपराध माणसे का मरावीत, असा विचार पुढे आला. दोघांनीच दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध करून निर्णय करावा असे ठरले, असे दिगंबर परंपरा सांगते. सैन्ये जागच्या जागी उभी राहिली. माणसे न मारता हारजीत ठरविण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. आणि त्या कथेचा शेवट विजयाच्या उन्मादात होत नाही. जिंकलेला बाहुबली सर्व सोडून तपाला उभा राहतो.

या दोन कथांच्या मध्ये, माझ्या मते, आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. पिठाचा कोंबडा करणाऱ्याला खऱ्या कोंबड्याच्या बळीचे फळ हवे होते. पुतळ्यांचे सैन्य मांडणाऱ्याला काय हवे आहे, यावर सारे अवलंबून आहे. त्याला मारण्याचे सुख हवे असेल तर पिठाचा कोंबडा आणि शिशाचा शिपाई यांत भेद नाही. त्याला इतिहास, भूमापन, गणित, रंगकाम आणि माणसाच्या निर्णयांचे परिणाम समजून घ्यायचे असतील, तर गोष्ट वेगळी आहे. जून २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठात वीस हजारांहून अधिक पुतळ्या मांडून वॉटर्लूची लढाई खेळली गेली. ते सारे आयोजन वॉटर्लूच्या भूमीवरील उत्खननात जायबंदी माजी सैनिकांना सामील करून त्यांना सावरणाऱ्या एका सेवाभावी संस्थेच्या मदतीसाठी होते. खोट्या सैनिकांकडून खऱ्या सैनिकांच्या जखमांवर थोडे औषध लागत असेल, तर त्याला दानधर्म म्हणायला हरकत नसावी. तरीही ज्या घरातील वडीलधाऱ्यांना हा खेळ नको वाटेल, त्यांचे म्हणणे मुलांनी जुनाट म्हणून झटकू नये. त्यांच्यामागे यशोधराची कथा उभी आहे.

सायबोर्न यांनी पुढे लढाईचा सविस्तर इतिहास लिहिला, तो १८४४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या प्रमाणाचा, पण रणभूमीचा लहानसा भाग दाखविणारा दुसरा नमुनाही त्यांनी केला. तो आता लीड्स येथील शस्त्रसंग्रहालयात आहे. या वेळी मर्यादा आखून घेतलेली होती, ती मात्र उशिरा. जानेवारी १८४९ मध्ये वयाच्या ५१ व्या वर्षी ते निवर्तले. त्यांच्या पश्चात पहिला नमुना लष्करी मंडळींनी वर्गणी काढून विकत घेतला. आज तो लंडनच्या चेल्सी भागातील नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

ज्या घरी हा छंद येईल, त्या घरच्या मुलाला एक सवय लावावी. खेळ संपला की पुतळ्या पेटीत भरण्यापूर्वी डावात उचललेल्या पुतळ्या वेगळ्या मोजाव्यात आणि तो आकडा पन्नासाने गुणून वहीत लिहावा. वॉटर्लूच्या त्या एका दिवशी सुमारे पन्नास हजार माणसे मृत वा जखमी झाली. पन्नासास एक प्रमाणाने टेबलावरून एक हजार पुतळ्या उचलाव्या लागतात. एक हजार पुतळ्या हाताने उचलायला वेळ लागतो. प्रत्येक पुतळी म्हणजे पन्नास घरे, पन्नास आया. नावे घालून पाने भरत जातात, आणि जमेच्या बाजूला काय लिहायचे ते मुलाला सुचत नाही. ते पान तसेच कोरे ठेवावे आणि वही मिटावी.